सामग्रीबलांक
(व्हिडिओ खेळांतील). अद्‌भुतरम्य भुयारांतून संचार करीत राक्षसांशी लढण्याच्या व्हिडिओ खेळांत पात्राने धारण केलेली शस्त्रे, चिलखत, शिरस्त्राण, ढाल, अंगठ्या, ताईत इ. सामग्रीचे एकत्रित बल व्यक्त करणारी संख्या. खेळाडूंच्या बोलण्यात तिला ‘गिअर स्कोअर’, ‘आयटेम लेव्हल’ किंवा नुसते ‘पॉवर’ असे म्हटले जाते. खेळ तयार करणाऱ्यास कोणत्या भुयारात कोणता राक्षस ठेवावा हे ठरविण्यासाठी, खेळाडूस नवी वस्तू जुनीपेक्षा सरस आहे की नाही हे पाहण्यासाठी आणि एकमेकांस न ओळखणाऱ्या खेळाडूंस आपला सोबती निवडण्यासाठी अशा संख्येचा उपयोग होतो. या तिन्ही उपयोगांसाठी एकच संख्या वापरण्याची प्रथा पडली. तथापि तिन्ही कामांस लागणारी माहिती एक नाही आणि या विषयातील बहुतेक वाद येथूनच उद्‌भवतात.

पूर्वपीठिका : या मापनाचा उगम संगणकात नसून कागद, पेन्सिल व फासे घेऊन खेळावयाच्या भूमिका-खेळांत आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकन खेळकारांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स  या खेळात पात्राच्या संरक्षणासाठी ‘चिलखत-वर्ग’ हा अंक योजिला होता. चिलखती जहाजांच्या नाविक युद्धखेळावरून ही कल्पना सुचल्याचे आर्नेसन यांनी सांगितले आहे. चिलखत नसलेल्या पात्राचा वर्ग ९, तर पत्र्याचे पूर्ण चिलखत आणि ढाल बाळगणाऱ्याचा २ असे. म्हणजे अंक जितका लहान तितके संरक्षण अधिक. नवशिक्या योद्ध्यास वर्ग ९ च्या शत्रूवर वार लागू होण्यासाठी वीस पैलूंच्या फाशावर १० किंवा अधिक दान पडावे लागे, तर वर्ग २ च्या शत्रूसाठी १७ किंवा अधिक. पहिल्या बाबतीत शंभरातील ५५ वार लागत, तर दुसऱ्यात अवघे २०. उलट्या दिशेने चालणारा हा अंक नवख्यांस नेहमीच गोंधळात टाकी. २००० साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीत तो सुलट करण्यात आला व तेव्हापासून मोठा अंक म्हणजे अधिक संरक्षण असा संकेत रूढ झाला.

या साध्या कोष्टकात एक मर्म दडलेले आहे. चिलखत एका वर्गाने सुधारले की वार लागण्याची शक्यता दर वेळी शेकडा ५ नेच घटते. परंतु ५५ वरून ५० वर येणे म्हणजे पूर्वीच्या माराचा अकरावा भाग टळणे, तर २५ वरून २० वर येणे म्हणजे पाचवा भाग टळणे होय. अर्थात आधीच चांगले चिलखत असलेल्यास पुढची पायरी अधिक लाभाची ठरते. अंकातील वाढ सारखी दिसली, तरी तिचे मोल सारखे नसते. पुढे संगणकीय खेळांत सूत्रे बदलली. हा प्रश्न मात्र कायम राहिला.

संगणकीय भुयारे : मायकेल टॉय, ग्लेन विचमन व पुढे केन आर्नल्ड यांनी १९८० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार केलेल्या रोग  या खेळात पडद्याच्या तळाशी एका ओळीत पात्राचे प्राणबल, शारीरिक शक्ती व चिलखताचा अंक दाखविण्याची सोय होती. भुयार दर डावास नव्याने रचले जाई. सापडलेली तलवार वा चिलखत कितपत चांगले आहे हे मात्र आरंभी कळत नसे; ते धारण करूनच किंवा ओळख पटविणाऱ्या मंत्रपटाच्या साह्यानेच समजे आणि वस्तू शापित निघाल्यास ती अंगावरून उतरत नसे. धातूच्या चिलखतास गंज चढवून त्याचा अंक घटविणारा एक राक्षसही त्यात होता. चामड्याच्या चिलखतावर मात्र त्याची मात्रा चालत नसे. त्यामुळे कागदावर कमी अंकाचे असलेले चामडी चिलखत त्या राक्षसापुढे उभे राहताना सरस ठरे. सामग्रीचे बल ती कोणाविरुद्ध वापरावयाची यावर अवलंबून असते, ही गोष्ट इतक्या सुटसुटीतपणे नंतरच्या फार थोड्या खेळांनी दाखविली आहे.

पहिला डायाब्लो  १९९६ च्या अखेरीस प्रकाशित झाला. त्यात व त्याच्या २००० मधील दुसऱ्या भागात वस्तूंच्या नावांस विशेषणे जोडून त्यांचे गुण यदृच्छेने ठरविले जात. एकच तलवार शेकडो प्रकारांनी सापडू लागली. प्रत्येक वस्तूवर पाचसहा गुणांची यादी येऊ लागली, तेव्हा दोन वस्तूंतील सरस कोणती हे नुसते पाहून सांगणे अवघड झाले आणि सर्व गुणांचा गोळाबेरीज करणाऱ्या एका अंकाची गरज भासू लागली.

मापनाची तत्त्वे : सामग्रीचे दोन भाग मानण्यात येतात, मारक व तारक. मारक सामग्रीचे सर्वांत रूढ माप म्हणजे दर सेकंदास होणारा सरासरी आघात. एका जड तलवारीचा वार सरासरी ६० आघाताचा असून तो दर दोन सेकंदांनी करता येत असेल, तर तिचे माप ३० येते. दर ०·८ सेकंदास २० आघाताचा वार करणाऱ्या कट्यारीचे माप २५ येते. या मापाने तलवार थोडीशीच सरस दिसते. आता शत्रूचे चिलखत प्रत्येक वारातून १० आघात वजा करते असे मानल्यास तलवारीचे माप २५ वर, तर कट्यारीचे १२·५ वर येते व तलवार दुप्पट सरस ठरते. काही वार यदृच्छेने अधिक जोरदार पडतात. शंभरातील २५ वार दुप्पट आघाताचे असल्यास सरासरी सव्वापट होते. वार हुकण्याची शक्यता, लढाईत हालचालींमुळे वाया जाणारा वेळ, एकाच वारात अनेक शत्रूंस इजा करण्याची क्षमता याही गोष्टी हिशेबात घ्याव्या लागतात.

तारक सामग्रीच्या बाबतीत वजाबाकीऐवजी पुष्कळ खेळ गुणोत्तराचे सूत्र वापरतात. चिलखताचा अंक च व एक स्थिरांक क मानल्यास टळणाऱ्या आघाताचे प्रमाण च ÷ (च + क) इतके असते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट  (२००४) या खेळाच्या आरंभीच्या स्वरूपात हल्लेखोराच्या पातळीस ८५ ने गुणून त्यात ४०० मिळविले की हा स्थिरांक येई. पातळी ६० असताना तो ५,५०० होई. म्हणून ५,५०० चिलखतामुळे निम्मा आघात टळे, ११,००० मुळे दोनतृतीयांश आणि १६,५०० मुळे तीनचतुर्थांश; याहून अधिक आघात टळू न देण्याची मर्यादा त्या खेळात घालण्यात आली होती. ५०, ६७, ७५ अशी शेकडेवारी मंदावताना पाहून चिलखत वाढवीत नेण्याचा लाभ उत्तरोत्तर घटतो, असा समज खेळाडूंत दीर्घकाळ होता. तो चुकीचा आहे. ४,००० प्राणबलाच्या पात्राला मरण येण्यापूर्वी शत्रूला एकूण किती आघात करावा लागेल हे पाहिल्यास ही गोष्ट स्पष्ट होते. पहिल्या चिलखतासह हा आकडा ८,०००, दुसऱ्यासह १२,००० आणि तिसऱ्यासह १६,००० येतो. दर ५,५०० चिलखतामागे सारखीच ४,००० ची भर पडते. या आकड्यास परिणामी प्राणबल म्हणतात आणि तारक सामग्रीची तुलना करण्यास शेकडेवारीपेक्षा तोच अधिक विश्वसनीय होय. मात्र जादूच्या आघातास चिलखत अडवीत नाही, अशा लढाईत हा सारा हिशेब निरुपयोगी ठरतो.

मारक व तारक बलांची सांगड घालताना बहुतेक बलांक त्यांची बेरीज करतात. हे सोयीचे असले, तरी शास्त्रशुद्ध नाही. समोरासमोरच्या लढतीत पात्र किती वेळ टिकते व त्या वेळात दर सेकंदास किती मारा करते, यांच्या गुणाकारावर निकाल अवलंबून असतो. मारा १०० व टिकाव १०० असलेल्या पात्राचा गुणाकार १०,०००, तर मारा १५० व टिकाव ५० असलेल्याचा ७,५००. दोघांची बेरीज मात्र २०० च भरते. एकाच बलांकाच्या दोन पात्रांपैकी एक सहज जिंकते व दुसरे पहिल्याच भुयारात गारद होते, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा या बेरजेत सापडते. उलट, चौघांपाचांचा गट एकत्र लढत असेल तर त्यातील एकाने फक्त मार सोसावा, दुसऱ्याने जखमा भराव्यात व उरलेल्यांनी मारा करावा अशी कामाची वाटणी असते. तेथे समतोल पात्र कोणत्याच कामाचे राहत नाही.

यावर उपाय म्हणून प्रत्येक गुणास त्या-त्या पात्राच्या दृष्टीने वेगळे वजन देण्याची पद्धत आली. इतर सर्व गुण कायम ठेवून एकच गुण एका एककाने वाढविला, तर दर सेकंदाचा आघात कितीने वाढतो हे त्याचे वजन होय. हे वजन स्थिर नसते. सामग्री बदलली की तेही बदलते. म्हणून खेळाडूंनीच निर्माण केलेल्या सिम्युलेशनक्राफ्ट  यासारख्या संगणकीय कार्यक्रमांत विशिष्ट सामग्रीसह हजारो लुटुपुटीच्या लढाया घडवून आणतात व त्यांची सरासरी काढतात. एकाच संचातील चार-पाच वस्तू एकत्र धारण केल्या असता मिळणारा जादा लाभ कोणत्याही बेरजेत नीट मावत नाही. तो पाहण्यास ही प्रतिरूप-पद्धतीच उपयोगी पडते. [⟶ प्रतिरूपण, संभाव्यता सिद्धांत].

बलांकाचा प्रसार व परिणाम : वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट  मध्ये प्रत्येक वस्तूस एक पातळी-अंक होता. तो मुळात रचनाकारांच्या सोयीचा होता : वस्तूवर किती गुण घालावयाचे याचे जणू अंदाजपत्रकच. २००८ ते २०१० या काळात एका खेळाडूने तयार केलेली ‘गिअर स्कोअर’ नावाची जोडणी लोकप्रिय झाली. वस्तूची पातळी, तिचा दर्जा आणि ती शरीरावर कोठे धारण केली जाते हे पाहून ती एका क्षणात कोणाही पात्राचा एकच अंक दाखवी. पाहतापाहता गटात प्रवेश देताना हा अंक विचारला जाऊ लागला. कठीण भुयारातच चांगली सामग्री मिळावयाची आणि त्या भुयारात शिरण्यास ती सामग्री आधीच अंगावर असावयाची, अशा पेचात नवा खेळाडू सापडे. अनुभवाशिवाय नोकरी नाही व नोकरीशिवाय अनुभव नाही, या परिचित अडचणीहून हा पेच निराळा नाही.

दुसरा परिणाम अधिक बोलका आहे. अंकालाच किंमत आल्यावर खेळाडू अंकासाठी सामग्री जमवू लागले. जादूगारास निरुपयोगी असलेली पण उंच पातळीची वस्तू केवळ अंक वाढतो म्हणून धारण केली जाई. पुढे निर्मात्यांनी स्वत:च सामग्रीची सरासरी पातळी पात्राच्या माहितीपत्रकात दाखविण्यास सुरुवात केली व काही भुयारांच्या दारांवर किमान सरासरीची अट घातली. त्या सरासरीत पिशवीत नुसत्या बाळगलेल्या वस्तूही धरल्या जात, म्हणून कधीही न वापरावयाच्या वस्तू पिशवीत घालून दार उघडण्याची युक्ती रूढ झाली. जे मापले जाते त्याचेच साध्य बनते, हा अर्थशास्त्र व शिक्षण या क्षेत्रांतील अनुभव खेळातही आला. परीक्षेतील गुणांवरून विद्यार्थ्याची पारख करणाऱ्या समाजाला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

आकड्यांची सतत वाढ ही आणखी एक अडचण होय. दर नव्या भागात पूर्वीपेक्षा बलवान सामग्री द्यावी लागत असल्याने आघात व प्राणबल लाखांच्या घरात गेले. त्यामुळे २०१४ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये वॉरक्राफ्टमधील आकडे प्रमाणात खाली आणण्यात आले. डेस्टिनी  (२०१४) व मायनक्राफ्ट डन्जन्स  (२०२०) यांसारख्या खेळांनी बलांक प्रथमपासून उघडपणे खेळाच्या केंद्रस्थानी ठेवला. दुसऱ्यात प्रत्येक मोहिमेपूर्वी तिच्यासाठी योग्य बलांक कोणता हे सांगितले जाते. काही खेळांत पात्राबरोबर राक्षसही बलवान होत जातात. तेथे बलांक वाढला तरी लढत तितकीच कठीण राहते आणि संख्या केवळ शोभेची उरते.

याहून गंभीर प्रश्न पैशाचा आहे. बलांक हे प्रतिष्ठेचे माप झाले की ते विकत घेण्याची इच्छा निर्माण होते. डायाब्लो ३  मध्ये २०१२ साली खऱ्या पैशांत वस्तूंची खरेदी-विक्री करण्याचे लिलावघर उघडण्यात आले; सामग्री लढून मिळविण्यातील गोडी त्यामुळे नष्ट होते असे दिसून आल्यावर मार्च २०१४ मध्ये ते बंद करण्यात आले. भ्रमणध्वनीवरील अनेक खेळांत आत काय निघेल हे ठाऊक नसलेल्या पेट्या पैसे देऊन उघडाव्या लागतात. बेल्जियमच्या द्यूत-नियामक आयोगाने २०१८ मध्ये अशा काही पेट्या जुगारात मोडतात असा निर्णय दिला. भारतीय संसदेने २०२५ मध्ये केलेल्या कायद्यान्वये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालण्यात आली असून ई-क्रीडा व सामाजिक स्वरूपाचे खेळ त्यांहून वेगळे मानले आहेत. मुलांच्या हाती खेळ देणाऱ्या पालकांनी त्यातील बलांक कशाने वाढतो, कौशल्याने, वेळाने की पैशाने, एवढे तरी पाहून घेणे इष्ट होय.

सामग्री व माणूस : केवळ सामग्री मोजून बलाचा अंदाज करण्यातील उणीव खेळांपुरती मर्यादित नाही. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात, मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरील आसनगाव व खर्डी या स्थानकांच्या परिसरात, माहुलीचा डोंगरी किल्ला आहे. माहुली, भंडारगड व पळसगड या तीन शिखरांचा मिळून तो बनला असून उभे कडे हीच त्याची मुख्य तटबंदी होय. १६३६ मध्ये शहाजी राजांनी मोगल व आदिलशाही फौजांविरुद्ध शेवटचा आश्रय येथेच घेतला होता. पुरंदरच्या तहान्वये (१६६५) मोगलांस दिलेल्या तेवीस किल्ल्यांत माहुलीचा समावेश होता. १६७० च्या आरंभी मराठ्यांनी तो परत घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा मनोहरदास गौड या दक्ष किल्लेदाराने हल्ला परतवून लावला व मराठ्यांची मोठी हानी झाली. त्यानंतर मनोहरदासाने किल्लेदारी सोडली, त्याच्या जागी अलाहवर्दी बेग आला आणि त्याच वर्षी जूनमध्ये किल्ला मराठ्यांच्या हाती पडला. कडे तेच होते, पाण्याची टाकी तीच होती. चार-पाच महिन्यांत बदलला होता तो प्रामुख्याने किल्लेदार. तट, तोफा व कोठारातील धान्य यांची बेरीज करून एखाद्याने माहुलीचा बलांक काढला असता, तर तो फेब्रुवारीत व जूनमध्ये जवळपास सारखाच आला असता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरणात पाणी, धान्य व दारूगोळा यांच्या तरतुदीबरोबरच किल्ल्यावरील अधिकाऱ्यांच्या निवडीवर भर दिला आहे, तो याच जाणिवेतून.

खेळांच्या क्षेत्रात या उणिवेची दखल दोन प्रकारांनी घेतली जाते. एक म्हणजे लढाईनंतर प्रत्येक खेळाडूने प्रत्यक्षात किती मारा केला व किती टाळता येण्याजोगा मार खाल्ला याची नोंद ठेवून तिची त्याच्या सामग्रीच्या अपेक्षित कामगिरीशी तुलना करणे. सारख्या सामग्रीच्या खेळाडूंतही यात मोठी तफावत आढळते. शत्रूच्या पेटत्या वर्तुळातून वेळीच बाजूला न होणाऱ्यास उत्तम चिलखतही वाचवीत नाही, हे कोणताही अनुभवी खेळाडू सांगेल.

दुसरा प्रकार बलांक अजिबात न दाखविण्याचा. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तयार केलेला व २०२० मध्ये प्रकाशित झालेला राजी : ॲन एन्शंट एपिक  हा खेळ याचे महाराष्ट्रातील उदाहरण होय. असुरांनी पळविलेल्या भावाच्या शोधार्थ निघालेल्या राजी या मुलीची ही कथा असून तिच्या रचनेत भारतीय पुराणकथा व चित्रशैली यांचा वापर केला आहे. त्रिशूळ, धनुष्य, ढाल-तलवार ही शस्त्रे तिला कथेच्या ओघात प्राप्त होतात. भुयारात दहा तलवारी सापडणे व त्यांतून एक निवडणे हा प्रकार येथे नाही. मिळालेल्या शस्त्रास निरनिराळ्या शक्तींची जोड देता येते, एवढीच निवड खेळाडूकडे राहते. कोणता राक्षस कोणत्या शस्त्राने आवरतो हे त्याला लढूनच शिकावे लागते. असा खेळ पुन:पुन्हा खेळण्यास उद्युक्त करण्यात बलांकाच्या खेळांइतका प्रभावी नसतो. एकदा कथा संपली की तो संपतो. [⟶ क्रीडा सिद्धांत; चिलखत; माहुली; व्हिडिओ खेळ].